सांधा कुठे ठेवायचा

"ए ओम्या! पळतोस कशाला जिन्यावरून? गाडी सुटतेय का तुझी?"

चौथ्या मजल्यावरून आलेली ही हाक तळमजल्यावरच्या वॉचमननेही मान वर करून ऐकली. उज्ज्वला खैरनार यांचा आवाज मुळात मोठा नव्हता. एसटीत कंडक्टर म्हणून लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी नाशिक-साक्री गाडीत त्यांनी पुकारलेलं गाव मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही आणि दोन माणसं भलत्याच फाट्यावर उतरली. त्या दिवसापासून त्यांनी आवाज वाढवला. आताच्या विजेच्या गाड्यांमध्ये कुजबुजलेलंही मागे ऐकू जातं. पण त्या येईपर्यंत उज्ज्वलाबाई निवृत्त झाल्या होत्या, आणि चढवलेला आवाज खाली उतरवायचा राहून गेला होता.

ओंकार, त्यांचा धाकटा मुलगा, धापा टाकत आत आला.

"तोंड बघ, काळंनिळं झालंय. सिगारेट सोडलीस का नाही?"

"आई, आल्या आल्या नको ना."

"मग कधी, गेल्यावर? पाणी पी. बसून! उभ्याने नको पिऊ!"

सोफ्यावर बसलेल्या प्रणालीने धाकट्या भावाकडे पाहिलं. तो पाण्याचा पेला हातात घेऊन शाळेतल्या मुलासारखा खाली बसला होता. थोरला तेजस हसत म्हणाला, "आई, उद्यापासून सहा महिने त्याच्यावरच ओरडायचंय तुला. आज जरा माझ्या वाट्याचं ठेव."

"गाडी तीच, ड्रायव्हर बदलला," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

उद्या दसरा होता. वडील गेल्यापासून घरातली पद्धत ठरलेली होती. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत आई तेजसकडे नाशिकला, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ओंकारकडे ठाण्याला. प्रणाली पुण्यात एकटी राहत होती, पण तिच्याकडे पाळी नव्हती. मुलीच्या घरी राहायचं नाही, हा उज्ज्वलाबाईंचाच नियम. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की आईची बॅग डिकीत जायची. आई पुढच्या सीटवर बसायची, खिडकीतून हात बाहेर काढून गाडीच्या टपावर दोनदा ठोकायची आणि ओरडायची, "जाऊ द्या!" एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. तेजसची सात वर्षांची चिनू त्या दोन टोल्यांची वाट बघत फाटकाशी उभी असायची.

जेवणानंतर बाल्कनीत ओंकारने सिगारेट पेटवली आणि लगेच विझवली.

"ताई, मला नाही झेपत. मी समोर आलो की तिचा पारा चढतो. दादावर ओरडते, पण असं नाही. बाबा गेले तेव्हा माझा फोन बंद होता, ते तिने अजून सोडलेलं नाही."

"असं ती म्हणाली का कधी?"

"म्हणायला कशाला पाहिजे? आवाज ऐकतेस ना? तुमच्या कंपनीचं ते कडं लाव ना आम्हाला. लोकांची घरं जुळवता. आपलंही जुळव."

*

प्रणालीच्या कंपनीचं नाव 'मेळ'. सोसायट्यांची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, सासू-सुनांचे अबोले अशी कामं तिथे यायची. घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पातळ कडं चढवलं जाई. कडं नाडी मोजायचं, त्वचेवरचा घाम मोजायचं, आवाजाची पट्टी, जोर आणि वेग टिपायचं. शब्द मात्र ऐकायचं नाही. माणसांचं खासगी बोलणं साठवायला कायद्याने बंदी होती. दोन माणसं एकमेकांजवळ आली किंवा फोनवर बोलली की दोघांच्या शरीरात काय होतं, एवढंच कड्याला कळे. महिनाभरात प्रत्येक नात्याला एक खूण मिळे. नातं सरळ किंवा नातं उलटं.

पुढचा भाग गणिताचा होता आणि प्रणालीला नोकरी त्यासाठीच मिळाली होती. तिने एम.एस्सी.ला एकाच बाजूच्या पृष्ठभागांचा अभ्यास केला होता.

दसऱ्यानंतर घरातल्या सगळ्यांनी, चिनूनेही, कडी चढवली. डिसेंबरात ओंकार कामासाठी पुण्याला आला तेव्हा तिने त्याला निकाल सांगितला. कर्वे रस्त्यावरच्या एका हॉटेलात दोघं बसले होते. तिने बिलाची लांब पट्टी उचलली.

"आठवतो हा कागद? आई तिकिटांच्या रोलचे उरलेले तुकडे आणायची."

"नखाने चित्रं काढायचो आपण."

"एका बाजूलाच उमटायची. एका बाजूला मसाला असतो, नख घासलं की काळं होतं. दुसरी बाजू कोरी. आता बघ." तिने पट्टीची दोन टोकं जुळवून कडं केलं. "मसाला सगळा बाहेरून, कोरी बाजू सगळी आतून. दोन बाजू. मुंगी बाहेरून चालायला लागली तर बाहेरच राहील. बरोबर?"

"पुढे."

तिने टोकं सोडली, एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि पुन्हा जुळवली. "आता नख फिरव."

ओंकारने नख टेकवलं. काळी रेघ उमटत गेली आणि जिथे टोकं जुळली होती तिथे अचानक थांबली. नख पुढे गेलं, रेघ नाही. पूर्ण फेरी झाली, आणि त्याच जोडावरून रेघ परत सुरू झाली.

"या कड्याला एकच बाजू आहे. चालत राहिलास की आपोआप पलीकडे पोचतोस, मध्ये कुठे कड ओलांडावी लागत नाही. दोन फेऱ्या मारल्यास तर परत आपल्या जागी. पीळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही, तो सगळ्या कड्याचा असतो. पण मसाला एकाच बाजूला हवा असा हट्ट धरलास, तर कुठे तरी मसाल्याला कोरी बाजू भिडणारच. त्याला आम्ही सांधा म्हणतो."

"याचा आईशी काय संबंध?"

"आपल्या घराचं कडं असं आहे. आई, दादा, मी, तू, परत आई. दादा आणि तू थेट बोलतच नाही, सगळं माझ्यामार्फत. आणि आईचं माझं... आमचं बोलणं दादामार्फत. म्हणजे चार नाती. त्यातली तीन सरळ, एक उलटं."

"माझं आणि आईचं."

"हो. उलट्या नात्यांची संख्या सम असली तर काही बिघडत नाही. माणसं दोन बाजूंना वाटली जातात, आपले कोण, परके कोण ते प्रत्येकाला कळतं. भांडणं असली तरी ताण नसतो. विषम असली की कडं एकबाजू होतं. मग कुठे तरी सांधा येतोच. तिथली दोन माणसं जळत राहतात."

"काढून टाक ना तो."

"काढता येत नाही. हलवता येतो." तिने वेटरकडून कात्री मागून घेतली. सांध्याजवळचा बोटभर तुकडा कापला, तो पालथा केला आणि पुन्हा चिकटवला. जुन्या जागी आता मसाल्याला मसाला भिडला होता. सांधा तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकला होता. "हा तुकडा म्हणजे तू. तू पालथा झालास, म्हणजे आईच्या बाजूचा राहिला नाहीस, हे दोघांनीही मान्य केलंत, की तुमच्यातला ताण गेला. तो पुढे सरकला."

"कुणाकडे?"

"तुझ्या नि माझ्या मध्ये."

ओंकारने कात्री उघडली, मिटली. "म्हणजे कुणाच्या तरी बोकांडी बसणारच?"

"हो."

"मग माझ्या नको, ताई. तुझं तू बघ. तुला येतं ते."

*

स्वतःच्या घराचं काम स्वतः करायचं नाही असा 'मेळ'चा नियम होता. प्रणालीने ते एका सहकाऱ्याच्या नावावर चढवलं आणि स्वतःच चालवलं.

'मेळ' कुणाला आज्ञा देत नसे. फक्त ढकलत असे, तेही हलक्या हाताने. ओंकारच्या फोनवर संध्याकाळी सूचना येऊ लागली की आत्ता थोडं फिरून या. जेवणाची वेळ अर्ध्या तासाने मागे गेली, मग एका तासाने. आई झोपायच्या खोलीत गेली की तो घरी येई. प्रणाली फोनवर सांगायची, "वाद घालू नकोस. उत्तरच देऊ नकोस. ती वेगळी, तू वेगळा." जानेवारीत पडद्यावर ओंकार आणि आई यांच्यातली रेघ लाल होती ती हिरवी झाली. दोघांची नाडी एकमेकांजवळ शांत राहत होती. पाडवा यायला अवकाश असतानाच ओंकारने आईची बॅग डिकीत ठेवली आणि तिला नाशिकला सोडून आला. त्या दिवशी टपावर टोले पडले नाहीत, हे तेजसने नंतर सहज बोलता बोलता सांगितलं.

मग सांधा प्रणालीवर आला. ठरल्याप्रमाणेच, तरीही तिला धक्का बसला.

"तू तिच्याशी अजून बोलतेस?" ओंकार फोनवर म्हणाला.

"दादाकडून कळतं तेवढंच."

"तेच. माझ्यासमोर माझी, दादासमोर तिची. तुझी बाजू कुठली, ताई?"

"मला बाजू नाहीये, ओम्या."

"मला ओम्या म्हणू नकोस. ती म्हणते तसं."

ज्या भावाला तिने सायकल शिकवली होती, तो तिचा फोन आठ-आठ दिवस उचलेना. रात्री तिचं कडं मनगटावर तापलेलं असायचं. हा ताण काय असतो ते तिने शेकडो घरांच्या आलेखांमध्ये पाहिलं होतं. त्यापायी ताट अर्धं टाकून उठावं लागतं, हे आलेखात नव्हतं. ती तो तिथेच ठेवू शकत होती. कुणी तरी धरून बसायचा होता, आणि काय धरलंय हे घरात तिलाच माहीत होतं.

तिने तो पुढे ढकलला. आईची चौकशी करणं सोडलं, तेजसच्या फोनवर विषय बदलू लागली, आणि एका रविवारी ओंकारला म्हणाली, "तुझंच बरोबर आहे. तिने तुझे फार हाल केले." हे बोलणं किती सोपं गेलं याचं तिला आश्चर्य वाटलं. ओंकारचा आवाज भरून आला. रेघ हिरवी झाली.

आता तेजस.

"तुम्ही दोघं मस्त मोकळे झालात," तो म्हणाला. तो गाडी चालवत होता, आणि नेहमीचं हसू आवाजात नव्हतं. "ओंकारला झेपत नाही, तुझं घर लहान. दादाला सगळं झेपतं. दादा बैल."

"दादा, तसं नाहीये."

"मग कसं आहे? तू सांग. तू शिकलेली आहेस. आईने परवा तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, कामात आहे. किती दिवस तुझ्या वतीने खोटं बोलू?"

त्याचा फोन कटला. प्रणालीने पडद्यावर पाहिलं. शेवटचा तुकडा उरला होता. तो पालथा झाला की तिन्ही भावंडं एका बाजूला येणार होती, आणि सांधा तेजस आणि आई यांच्यामध्ये जाणार होता. ताण सोसायच्या चिवटपणाचा आईचा आकडा घरात सगळ्यात वर होता. यंत्राचीही शिफारस तीच होती.

तेजसला ढकलणं सोपं नव्हतं. आई त्याच्यावर ओरडली तरी त्याची नाडी हलत नसे. मग प्रणालीला चिनूच्या कड्याची नोंद सापडली. रोज संध्याकाळी पाच ते सहा आजीचा आवाज टिपेला जायचा, आणि त्याच वेळी सात वर्षांच्या मुलीची नाडी धावल्यासारखी वर चढायची. तेजस आणि वहिनी दोघंही तेव्हा ऑफिसात. प्रणालीने तो आलेख भावाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

दोन दिवसांनी तेजसचा फोन आला. "माझ्या मागे ही पोरीवर रोज अशी ओरडते?"

"आकडे तेच सांगतात, दादा."

*

पुढच्या दसऱ्याला तिघंही नाशिकला जमले. पानं वाटून झाली. बॅग डिकीत गेली.

घोटीच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर एक नवं ज्येष्ठ निवास झालं होतं. स्वच्छ खोल्या, दवाखाना, बाग. तेजसने सगळं नीट समजावून सांगितलं. उज्ज्वलाबाईंनी ऐकून घेतलं.

"कुणी ठरवलं?"

तेजस डिकीचं झाकण पुन्हा दाबून बघू लागला.

"तिघांनी मिळून?"

"हो," तेजस म्हणाला.

"तिघं एकत्र आलात म्हणजे. बरं झालं." त्यांनी पदराला हात पुसले. तेवढ्यात चिनू आतून धावत आली आणि त्यांच्या कमरेला बिलगली. उज्ज्वलाबाईंनी तिचे हात हलकेच सोडवले, गाडीत पुढच्या सीटवर बसल्या आणि काच वर घेतली.

आई घराच्या कड्यातून निघाली तशी आलेखात एकही लाल रेघ उरली नाही. 'मेळ'मध्ये हे उदाहरण नाव न घेता नव्या मुलांना शिकवायला ठेवलं गेलं. दिवाळीत तिन्ही भावंडं महाबळेश्वरला गेली. ओंकार बिनधास्त सिगारेट ओढत होता. सगळे खूप हसले.

*

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी मुक्ता मॅडमनी प्रणालीला बोलावलं. त्या 'मेळ'च्या मुख्य होत्या आणि चूक झाली की आधी चहा मागवायच्या. दोन चहा आले.

"मालेगावची घरं बघितलीस? यंत्रमागवाल्यांची?"

"नाही."

"सत्तर टक्के घरं एकबाजू येताहेत. असं कसं होईल? मी स्वतः जाऊन आले. चांगली नांदती घरं आहेत गं. फक्त ओरडून बोलतात. जन्मभर मागांच्या खडखडाटात उभी राहिलेली माणसं, ती प्रेमानेही ओरडतात. आपलं यंत्र शिकलं शांत फ्लॅटमधल्या माणसांवर. आवाज चढला की ते उलटी खूण टाकतं."

"नाडी पण बघतो ना आपण?"

"नाडी काळजीने पण वाढते." मुक्ता मॅडमनी कप सरकवला. "दुरुस्ती तयार आहे. जुनी घरं पुन्हा चालवून बघायचीत. मागवाले, बाजारात पुकारणारे, ड्रायव्हर, कंडक्टर. तू घे हे काम."

प्रणालीने सगळ्यात आधी एकच घर चालवलं. दुरुस्तीने त्या पहिल्या महिन्याच्या नोंदी नव्याने वाचल्या. आई आणि ओंकार सरळ. चारपैकी चार नाती सरळ. उलटी शून्य, म्हणजे सम. कड्याला पीळ नव्हताच.

मग तिने पुठ्ठ्याच्या खोक्यातून बिलाच्या कागदाची पट्टी काढली, पीळ न देता तिचं साधं कडं केलं, एक तुकडा कापला, पालथा केला आणि परत चिकटवला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे आधीच सांगता आलं असतं. पीळ नसलेल्या कड्यात तुकडा पालथा केला की सांधा सरकत नाही, कारण सांधा नसतोच. तो तयार होतो. आणि एक नाही, दोन. तुकड्याच्या दोन्ही टोकांना.

पुढचा तुकडा उलटला, त्याच्या पुढचा उलटला. दोन सांध्यांपैकी एक हलत राहिला. त्याच्यामागे ती वर्षभर धावत होती. दुसरा पहिल्यापासून तिथेच होता, आई आणि ओंकारच्या मध्ये. यंत्राने तो हिरवा दाखवला, कारण दोघं बोलेनाशी झाली होती आणि न बोलणाऱ्या माणसांची नाडी शांत असते. शेवटी तीन तुकडे पालथे झाले तेव्हा दोन्ही सांधे कुणाच्या दोन्ही बाजूंना आले होते, हे बघायला तिला कागदाची गरज नव्हती.

तिने तेजसला फोन केला. तो चिनूने उचलला.

"आत्या, बाबा अंघोळीला गेलेत."

"चिनू, एक विचारू? आजी तुमच्याकडे होती ना, तेव्हा संध्याकाळी तुझ्यावर ओरडायची का गं?"

"हो!" चिनू आनंदाने म्हणाली. "आम्ही बस-बस खेळायचो. सगळ्या खुर्च्या लावायच्या. आजी ओरडायची, पुढे सरका, दारात उभं राहू नका! मग मी फुकटी पॅसेंजर व्हायचे आणि ती मला पकडायला पळायची. आता कुणी खेळत नाही. बाबांना दोन टोले पण नीट मारता येत नाहीत."

*

निवासाच्या व्हरांड्यात पाट्या होत्या. कृपया हळू बोला. शेजारी विश्रांती घेत आहेत. प्रणाली आत आली तेव्हा उज्ज्वलाबाई खिडकीशी बसून स्वेटर विणत होत्या. मनगटावर कडं होतं. निवासही 'मेळ'चं गिऱ्हाईक होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "प्रवास नीट झाला ना?"

इतका हळू आवाज प्रणालीने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. चांगला आवाज होता, मऊ. कंडक्टर होण्याआधी तो तसाच असणार.

प्रणालीने सगळं सांगितलं. कडं, खुणा, विषम, सम, पालथे तुकडे. सांगताना ती मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. उज्ज्वलाबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. त्यांच्या सुया चालत राहिल्या.

"यंत्राला वाटलं, तू ओंकारचा राग करतेस."

"त्याचा बाप जिन्यात पडला, प्रणाली. धापा टाकत वर येत होता, तोंड असंच काळंनिळं झालं होतं. ओंकारही त्याच वाटेला लागला होता. मी त्याला पळू नको म्हणत होते."

"हो, आई. आता कळलंय. यंत्रात ते नव्हतं, त्याला शब्द ऐकू येत नाहीत."

"यंत्राचं राहू दे." त्यांनी एक टाका उसवला, सरळ केला. "तुला येत होते ना?"

उज्ज्वलाबाईंनी उत्तर मागितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं.

"घरी चल," प्रणाली म्हणाली. "दादा तयार आहे. मी बोलले. ओंकारही येईल न्यायला."

"नको गं. इथे बरं आहे."

"मग माझ्याकडे चल. पुण्याला. मोठं घर घेते मी."

"मुलीकडे राहत नाही मी."

"ओंकारने सिगारेट सोडलेली नाही. तू सांग त्याला. तुझंच ऐकेल."

"मोठा आहे तो. त्याचं तो बघेल."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पोस्टमनशी बोलावं तसं त्या बोलत होत्या. प्रणाली उठली. कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि आईच्या अगदी समोर येऊन, उभ्यानेच, घटाघटा प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून ओघळलं. ती पीत राहिली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

उज्ज्वलाबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग पुन्हा सुयांकडे.

"अजून हवंय का?" त्यांनी हळू विचारलं.

प्रणालीच्या मनगटावरचं कडं थरथरलं. तिने खाली पाहिलं. आई आणि ती, घराच्या आलेखात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची ही रेघ आजवर कुणी काढलीच नव्हती. दोघींची कडी पहिल्यांदाच इतका वेळ जवळजवळ होती, आणि यंत्राने तेवढ्यावरच कच्चा निकाल दिला होता. नाडी स्थिर. आवाज सौम्य. नातं सरळ.

उज्ज्वलाबाई तिला सोडायला फाटकापर्यंत आल्या. सगळ्यांच्याच पाहुण्यांना त्या सोडायला येत असाव्यात, कारण वॉचमनने त्यांना पाहून आपणहून फाटक उघडलं. प्रणाली गाडीत बसली. ड्रायव्हर घोटीचाच, म्हातारा, एकेकाळी एसटीवर असलेला. त्याने चावी फिरवली, पण गाडी काढली नाही. मागची बाई रडतेय असं त्याला वाटलं.

"थांबू का, ताई?"

प्रणाली हो म्हणणार होती. तेवढ्यात टपावर दोन टोले पडले.

म्हाताऱ्याने सवयीने गियर टाकला.